वेग ठरतो मुलाच्या सायकलीवरून

मदतनिधीसाठीच्या ६० किलोमीटरच्या राइडला आई किंवा बाबा मुलाला घेऊन जायचं ठरवतात, तेव्हा तयारी बहुतेकदा मोठ्यांच्या सायकलीपासून सुरू होते. आमच्या मते ती मुलाच्या सायकलीपासून व्हायला हवी. ७० किलोचा माणूस ११ किलोची सायकल चालवतो. ३२ किलोचं मूल मात्र १३ किलोची. मोठ्याच्या सायकलीचं वजन त्याच्या वजनाच्या सहाव्या हिश्शाएवढं, मुलाच्या सायकलीचं चाळीस टक्के! चढावर मूल मागे पडतं ते आळसामुळे नाही. तेव्हा कॅरिअर, बास्केट, जड साइडस्टँड सगळं काढा. मुलाच्या सायकलीवर फक्त पाण्याची बाटली, बाकीचं ओझं मोठ्याच्या.

आता वेग. २४ इंची चाकं, पुढे ३२ दात आणि मागे सर्वांत लहान चकती १४ दातांची असेल, तर पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण सव्वाचार मीटर जाते. मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर ताशी वीसेक किलोमीटर. हा त्या सायकलीचा सपाटीवरचा, अगदी वरच्या गिअरचा वेग. एकच गिअर असेल आणि मागे १८ दात असतील, तर तो ताशी १६ वर येतो. दिवसभराची सरासरी १५ धरा. म्हणजे ६० किलोमीटरला चार तास, आणि दर पाऊण तासाला दहा मिनिटं थांबलात तर जवळपास पाच. नाव नोंदवण्याआधी हा आकडा आयोजकांच्या वेळमर्यादेशी ताडून पाहा. वयाची अटही तेव्हाच विचारून घ्या.

सीट बहुतेक मुलांची खालीच असते, कारण दोन्ही पाय जमिनीवर टेकले की त्यांना धीर वाटतो. पण लांब अंतरात त्याने गुडघ्याची वाटी दुखते. पेडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा आणि कंबर एका बाजूला कलता कामा नये. राइडला जे बूट घालणार तेच घालून मापा. एकदम वर नेऊ नका, आठवड्याला एक सेंटिमीटर पुरे. गुडघ्याच्या मागे दुखायला लागलं तर सीट जास्त वर गेली आहे. सीटच्या दांड्यावरची किमान खोलीची खूण मात्र कधीही बाहेर दिसू देऊ नका. मुलं वाढत असतात, म्हणून दर तीन आठवड्यांनी पुन्हा माप घ्या.

ब्रेकचा लिव्हर लहान बोटांना लांब पडतो. लिव्हरच्या बुडाशी छोटा स्क्रू असतो. तो आत फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. त्यानंतर ब्रेक पूर्ण दाबून बघा, लिव्हर हँडलला टेकत असेल तर केबल ताणायला हवी. नवी केबल पहिल्या काही दिवसांत थोडी सैलावते. म्हणूनच सर्व्हिसिंग आदल्या दिवशी नको, दोन आठवडे आधी करा.

पंक्चरच्या सामानात हमखास चूक होते: ट्यूब फक्त मोठ्याच्या चाकाची घेतली जाते. दोन्ही मापांच्या घ्या. नुसतं ‘२४ इंच’ पाहून घेऊ नका, कारण त्या नावाखाली ५०७ आणि ५४० मिलिमीटर अशी वेगवेगळी रिमं येतात. टायरच्या बाजूला ४७-५०७ असा आकडा असतो, तोच बघायचा. दोन सायकलींचे व्हॉल्व वेगळे असतील तर पंप दोन्हींना बसतो का, हे घरीच तपासा. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा, नाहीतर नवी ट्यूबही तिथेच जाईल. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं दिसली तर काटा नव्हे, हवा कमी होती. तरी हलक्या मुलाला टायरवर छापलेल्या कमाल आकड्याइतकी हवा लागत नाही. किमान आकड्याच्या थोडं वर ठेवली की धक्के कमी बसतात.

सराव बारा आठवड्यांचा. आठवड्यातून एकदा लांब राइड, त्याचे किलोमीटर असे: १५, १९, २३, १५, २७, ३१, ३५, २२, ४०, ४५, २५ आणि बाराव्या आठवड्यात ती ६०. मधले कमी किलोमीटरचे आठवडे गाळू नका, अंग तेव्हाच सावरतं. शिवाय अधेमधे आठ-दहा किलोमीटरच्या दोन फेऱ्या. ६० आधी पूर्ण करून पाहायची गरज नाही.

पाणी तहानेची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी. खाणं सरावात पचलेलंच. पॅडच्या शॉर्ट्सखाली अंतर्वस्त्र घालायचं नाही, शिवण घासते.

रस्त्यावर मोठ्याने मुलाच्या मागे, रहदारीच्या बाजूला जरासं बाहेर राहावं. पुढे राहिलात तर मूल तुमचा वेग गाठायला धडपडतं आणि त्याचं पुढचं चाक तुमच्या मागच्या चाकाला घासलं तर पडतं तेच. ‘थांबतोय’, ‘खड्डा’, ‘मागून गाडी’ हे शब्द आणि हातांच्या खुणा सरावातच पक्क्या करा.

देणगीचं वचन शक्यतो ठरावीक रकमेचं घ्या, दर किलोमीटरमागे नको. किलोमीटरवर पैसे ठरले की दमलेलं मूल ‘अजून थोडं’ म्हणत राहतं आणि दुखणं सांगत नाही. कुठून आयोजकांच्या गाडीत बसता येईल ती ठिकाणं नकाशावर आधीच दाखवा. नकाशाची एक घडी मुलाच्याही खिशात असू द्या, मागे तुमचा फोन नंबर लिहून.