पाहुण्याला टाऊन हॉल दाखवताना

बाहेरचा पाहुणा कोल्हापुरात आला की अंबाबाई, रंकाळा, तांबडा-पांढरा हा आपला ठरलेला क्रम. टाऊन हॉलचं संग्रहालय उरलंसुरलं म्हणून शेवटच्या अर्ध्या तासात. तसं करू नका. सकाळी न्या, सोमवार टाळा, दीड तास हाताशी ठेवा आणि चार-पाच वस्तूच दाखवा. सगळी दालनं फिरवलीत तर पाहुणा दमतो आणि तलवारी तेवढ्या लक्षात ठेवून जातो.

सुरुवात पोसायडनपासून करावी. ग्रीकांचा हा समुद्रदेव, कांस्याचा, जेमतेम वीतभर उंच. १९४४ च्या सुमारास पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत प्रा. कुंदनगार यांना मिळालेल्या धातूच्या वस्तूंमध्ये तो होता. पुढे १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी तिथे रीतसर उत्खनन केलं. वर उचललेल्या हातातला त्रिशूळ गेलाय, तेवढं दाखवून थांबा. सातवाहन काळात कोकणातल्या बंदरांवर उतरणारा माल घाटवाटांनी वर येत असे, हे मागाहून सांगा. त्याआधी पाहुण्यालाच विचारा: समुद्र इतका लांब, मग इथल्या माणसाने हा देव घरात ठेवला तो कशासाठी? पूजेला की शोभेला? यजमानाने आधीच सगळं पाठ म्हणून दाखवलं की समोरचा नुसता मान डोलावतो.

मग ब्रह्मपुरीतच सापडलेला, पाठीवर स्वार घेतलेला छोटा कांस्य हत्ती पाहा. पोसायडनच्या अंगावर स्नायू मोजता येतात. हत्ती मात्र गोलाईवर उभा आहे. एवढा फरक डोळ्यांना दिसला की भाषणाची गरज नाही. अशा वस्तू कधी कधी बाहेरच्या प्रदर्शनांना जातात, म्हणून निघण्याआधी चौकशी केलेली बरी.

चित्रांत आबालाल रहिमान (निधन १९३१) सोडू नका. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला हा माणूस शाहू महाराजांचा दरबारी चित्रकार होता. तंत्र युरोपचं, पाणी मात्र रंकाळ्याचं आणि कोटितीर्थ तळ्याचं. चित्रापासून त्याच्या कर्णाच्या साधारण दीडपट अंतरावर उभं राहा, मग जवळ जा. काचेवर स्वतःचंच तोंड दिसत असेल तर दोन पावलं बाजूला सरका. गडद शर्ट घातला असेल तर प्रतिबिंब आणखी कमी होतं. तैलचित्रावरचं व्हार्निश चमकतं तेव्हाही हाच उपाय. जलरंगाचं चित्र मंद उजेडात ठेवलेलं दिसलं तर कुरकुर नको, कारण उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. फ्लॅश तर नकोच. टिपणं पेनने नव्हे, पेन्सिलीने काढा. शाई सांडली तर डाग जात नाही.

बाहेर आल्यावर इमारतीकडे बघायला पाच मिनिटं द्या. १८७२ ते ७६ मधलं हे गॉथिक काम मेजर मँट या इंग्रज वास्तुकाराचं. याच मँटने पुढे नवा राजवाडा आखला आणि तिथे घुमट, कमानी, मनोरे अशी सरळ भेसळ केली. पाहुण्याला दोन्ही एकाच दिवशी दाखवा, पण राजवाडा दुपारनंतर.