बोआव्हिश्टा २०००-०१ ची टीम रंगवतोय : चौकटी एकदाच्या जमल्या

तर मंडळी, मागच्या वेळी फक्त प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारलेल्या सबुटिओच्या पांढऱ्या बाहुल्यांचा फोटो टाकला होता आणि अर्ध्या लोकांनी विचारलेलं की बाबा रे पोर्तुगालचे बेनफिका, पोर्तो, स्पोर्टिंग असे बडे फुटबॉल क्लब सोडून हे बोआव्हिश्टा कुठून काढलंस. आता बचावफळी पूर्ण झालीय, मिडफिल्ड वॉर्निशवर आहे, फॉरवर्ड अजून उघडेबंब उभे आहेत, त्यामुळे प्रोग्रेस आणि उत्तर दोन्ही एकदमच देतो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, सबुटिओ म्हणजे टेबलावर बोटाने टिचकी मारून खेळायचं फुटबॉल, १९४०च्या दशकात इंग्लंडात सुरू झालं, गोल तळाच्या इवल्याशा बाहुल्या असतात आणि आपल्यासारखे काही येडे खेळण्यापेक्षा त्या रंगवण्यातच जास्त वेळ घालवतात. पट्टेवाल्या जर्सी कोणीही करेल, मास्किंग टेप लावा आणि ओढा. बुद्धिबळाच्या पटासारखी काळीपांढरी जर्सी म्हणजे मात्र परीक्षा आहे राव. १९३३ पासून क्लबची हीच जर्सी, तेव्हाच्या अध्यक्षांनी फ्रान्समधल्या एका टीमच्या अंगावर बघून उचलली असं सांगतात. क्लब त्याहून जुना, १९०३ चा, पोर्तो शहरातल्या इंग्रज मंडळींनी आणि स्थानिक पोरांनी मिळून काढलेला. पुढे भांडण कशावरून झालं तर रविवारी खेळायचं की नाही यावरून, इंग्रजांना रविवार नको आणि पोर्तुगीज कामगारांना रविवारशिवाय सुट्टीच नाही, शेवटी रविवारवाले जिंकले.

आता चौकटींचं बघू. हाताने भरायचा विचार मी आधीच सोडून दिला, छाती जेमतेम बोटाच्या नखाएवढी, त्यावर सरळ रेषा मारणं माझ्या चष्म्याला झेपणारं नाही. म्हणून वॉटरस्लाइड डिकल, म्हणजे पातळ फिल्मवर छापायचं आणि पाण्यात भिजवून कागदावरून सरकवत चिकटवायचं चित्र. घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते हे खरं, पण आपल्याला ती लागतच नाही, आधी अख्खी जर्सी ऑफव्हाइट करायची (एकदम शुभ्र घेऊ नका, खडूसारखं दिसतं), त्यावर ग्लॉस वॉर्निश, आणि पारदर्शक फिल्मवर फक्त काळे चौकोन छापून चिकटवायचे. इंकजेटने छापलंत तर पाण्यात बुडवायच्या आधी वरून स्प्रे वॉर्निश मारावंच लागतं नाहीतर शाई पसरते, म्हणून मी लेझरवाला कागद मागवला आणि गेलो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडे. काकांनी कागद उलटसुलट करून बघितला, वास पण घेतला, म्हणाले "अरे हे आत वितळून ड्रमला चिकटलं तर मशीनचं काय करू मी?" पाकिटावर लेझरसाठीच आहे असं लिहिलेलं दाखवलं, तरी "एकच काढीन हां, आवाज वेगळा आला की बंद" या अटीवर काढून दिलं. एकाच शीटवर सगळी टीम आधीच बसवून नेली होती म्हणून निभावलं.

चौकोन खऱ्या प्रमाणात काढले तर हातभर अंतरावरून नुसता करडा रंग दिसतो, त्यामुळे मुद्दाम थोडे मोठे ठेवले. जोड काखेखाली येईल असा कापायचा, हात खाली असल्यामुळे झाकला जातो. पोटापाशी जिथे कापडाच्या चुण्या कोरल्यात तिथे डिकल तंबूसारखा उभा राहतो, त्यावर डिकल सॉफ्टनरचा (फिल्म मऊ करणारं द्रावण) एक थेंब, मग हात न लावता गप्प बसायचं. थोड्या वेळाने डिकल असा काही सुरकुततो की वाटतं गेलं सगळं वाया, पण सुकता सुकता स्वतःच चपखल बसतो. बाह्यांवर डिकल बसत नाही, तिथे बारीक टोकाचं काळं ड्रॉइंग पेन. शेवटी मॅट वॉर्निश. शॉर्ट काळी, त्यात थोडा राखाडी मिसळून कडा उजळल्या एवढंच. स्पॉन्सरचं नाव टाकलेलं नाही, या साइजला तो डाग दिसतो.

आता हीच टीम का. पोर्तुगालच्या लीगचा इतिहास काढा, सगळी टायटलं तीन क्लबांच्या घरात. अपवाद फक्त दोन, १९४५-४६ ला लिस्बनचं बेलेनेन्सेस आणि २०००-०१ ला आपलं बोआव्हिश्टा. यावर जो तो म्हणतो की चमत्कार, लॉटरी लागली, आणि तिथेच माझं डोकं सटकतं. १९७०च्या दशकात कोच पेद्रोतोच्या हाताखाली लागोपाठ दोन पोर्तुगीज कप (१९७५ आणि ७६), नंतर १९७९, १९९२, १९९७ असे मिळून पाच कप, डच स्ट्रायकर हॅसलबेंक इंग्लंडात नाव काढायच्या आधी इथेच गोल मारत होता, पोर्तुगालचा स्ट्रायकर नुनो गोमेश इथूनच बेनफिकाला गेला. आणि कोच जाइम पाशेको आल्यावर १९९८-९९ ला दुसरा नंबर, पुढच्या वर्षी चौथा, मग चॅम्पियन, मग परत दुसरा. याला लॉटरी म्हणतात होय? चार वर्षं वरच्या चारात राहणारी टीम होती ती, बाजूला पोर्तोसारखा दांडगा शेजारी बसलेला असताना.

त्यामुळे रंगवायची सुरुवात पण मी मागून केली, कारण ती टीम मागूनच उभी होती. अख्ख्या सीझनमध्ये ३४ मॅचमध्ये फक्त २२ गोल खाल्ले आणि तीनच मॅच हरले. गोलकीपर रिकार्डो, तोच तो, युरो २००४ ला इंग्लंडविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये ग्लोव्ह्ज काढून फेकले, वासेलची पेनल्टी उघड्या हातांनी अडवली आणि लगेच स्वतः जाऊन जिंकवणारी पेनल्टी मारली. एक मित्र म्हणाला ग्लोव्ह्जशिवायच रंगव. नाही करणार, ते तीन वर्षांनंतरचं आणि देशाच्या जर्सीतलं, इथे ग्लोव्ह्जसकटच. त्याच्यापुढे कॅप्टन लितोस, त्याच्या दंडावर आर्मबँड काढलाय, चौकटींच्या गर्दीत तो दिसावा म्हणून मुद्दाम भडक. शेजारी पेद्रो इमॅन्युएल, अंगोलात लुआंडाला जन्मलेला, पुढे पोर्तोला गेला आणि २००४ ला कोच मोरिन्योच्या टीममध्ये चॅम्पियन्स लीग जिंकला. बचावातला फ्रेशो पण रंगवून झाला.

मिडफिल्डमध्ये रुई बेंतो आणि पेतीत. पेतीत माझा सगळ्यात लाडका, जन्म फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गचा, चण लहान, आणि टॅकल असा की समोरचा दोनदा विचार करेल. त्याच्यासाठी मी पुढे झुकलेली पोझ शोधून काढली, बाकीच्यांच्या बाहुल्या सरळ उभ्या, हा एकटा धावायच्या तयारीत. आणि मग एर्विन सांचेझ, बोलिव्हियाचा, १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये स्पेनविरुद्ध देशाचा वर्ल्ड कपमधला पहिला गोल मारणारा. सगळे घाम गाळणारे आणि हा एक कलाकार, पण एकच, आणि पाशेकोचं गणित तेच होतं असं माझं मत. पुढे मार्तेलिन्यो, दुदा, सिल्वा हे तिघं अजून रांगेत आहेत.

टायटल कुठे पक्कं झालं ते तर लय भारी. १८ मे २००१, घरच्या बेसा मैदानावर आवेसला ३-० हरवलं आणि एक मॅच शिल्लक असतानाच चॅम्पियन. मग शेवटची मॅच पोर्तोच्याच घरी, तिथे ४-० खाल्ले, म्हणून फायनल टेबलात ७७ विरुद्ध ७६ दिसतं आणि लोकांना वाटतं कसंबसं एका पॉइंटने वाचले. नुसतं टेबल बघणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्या. पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये लिव्हरपूलच्या मैदानावर १-१ केली (तारीख ११ सप्टेंबर २००१, त्या दिवशी मॅच कोणाच्या डोक्यात राहणार म्हणा), डॉर्टमुंडला मागे टाकून पुढच्या फेरीत गेले, आणि २००३ ला यूएफा कपच्या सेमीफायनलला सेल्टिकने अडवलं. सेल्टिकच्या घरी ग्लासगोत १-१ होती, आणि तेव्हा बरोबरी झाली तर बाहेरच्या मैदानावरचे गोल जास्त धरायचे, म्हणजे घरी ०-० सुटली असती तरी फायनल होती, पण शेवटच्या पंधराएक मिनिटांत सेल्टिकच्या लार्सनने गोल टाकला.

त्यानंतरचं लिहायला जीवावर येतं. रेफरींवर दबाव टाकल्याच्या प्रकरणात २००८ ला क्लबला खाली ढकललं, तिथून तिसऱ्या डिव्हिजनपर्यंत घसरले, लीग १८ टीमची झाली तेव्हा २०१४ ला परत वर आले, आणि २०२४-२५ ला शेवटच्या नंबरवर राहून पुन्हा खाली. वर कर्ज आणि ट्रान्सफर बंदीची (नवे खेळाडू घ्यायला मनाई) कटकट चालूच होती. अशा वेळी या टीमची बाहुली बाजारात तयार मिळेल ही आशाच नको, स्वतः रंगवा नाहीतर बसा.

पुढचा प्लॅन असा. आधी तीन फॉरवर्ड संपवायचे, मग बेंचवर दुसरा गोलकीपर, कॅमेरूनचा विल्यम अँडेम, आणि अजून एक राखीव खेळाडू. त्यांच्यासाठी डिकलचे दोनच तुकडे उरलेत आणि काका दुसरं शीट मशीनमध्ये घालायला तयार होतील असं काही दिसत नाही, तर कोणाच्या ओळखीत लेझर प्रिंटर असेल तर सांगा, कागद माझा. समोर खेळायला आवेसची लाल-पांढरी टीम पण करायचीय, तिथे मास्किंग टेपने भागेल.