थंड हवेतली केळ: चौथ्या हंगामाची नोंद

मार्चचा शेवट. आज केळीचं पांघरूण काढलं. नोव्हेंबरात दोन्ही खोडांभोवती तारेच्या जाळीचे पिंजरे करून आत पेंढा दाबून भरला होता आणि पाऊस अडवायला वर पत्र्याचे तुकडे ठेवले होते. पहिल्या पिंजऱ्यातला पेंढा उपसायला लागले तसा आंबूस वास आला आणि पोटात गोळाच आला. पत्रा एका बाजूला सरकला होता. त्या बाजूने खोड दाबून पाहिलं तर बोट सरळ आत गेलं.

सुरी घेऊन बसले. वरून चार-चार बोटांच्या चकत्या काढत खाली यायचं. सुरुवातीच्या चकत्या तपकिरी, बुळबुळीत, सोपटं एकमेकांपासून सुटलेली. दीड मीटरच्या खोडातलं जवळजवळ अर्धं घमेल्यात गेल्यावर मधोमध बटणाएवढा पांढरा, घट्ट गाभा दिसला. आणखी दोन चकत्या काढल्यावर सगळंच पांढरं आणि रसरशीत. तिथे थांबले.

दुसऱ्या खोडावरचा पत्रा जागच्या जागी होता. त्याची फक्त वरची वीतभर गेली. जात तीच, थंडी तीच, दोघांत अंतर जेमतेम हातभर. नुसत्या गारठ्याचं काम असतं तर दोन्ही खोडांची गत एकच झाली असती. खोडात मुरलेल्या पाण्याने घात केला.

नव्याने या नादी लागलेल्यांसाठी: ही मुसा बासजू. मूळची दक्षिण चीनची, जपानात धाग्यासाठी लावली जायची. हिची फळं खायची नाहीत, आत बियाच बिया. पानं पहिल्याच कडाक्यात काळी पडतात, उघडं खोडही फार तग धरत नाही, पण जाड आच्छादनाखाली कंद उणे १० अंशही सोसतो. मग खोड जपायची खटपट कशाला? कारण कंदापासून सुरुवात झाली तर निम्मा उन्हाळा उंची गाठण्यातच जातो. जपलेलं खोड असेल तर पहिलं पानच डोक्यावर उलगडतं.

एप्रिलचा दुसरा आठवडा. कापलेल्या जागी मधली सुरळी अंगठाभर वर आली आहे. खोड म्हणजे एकात एक गुंडाळलेली सोपटंच. फुलोऱ्याची वेळ येईपर्यंत वाढीचा कोंब खाली कंदाशी असतो, म्हणून वरून कितीही कापलं तरी केळ दगावत नाही. हे वाचून माहीत होतं, तरी रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथे जाऊन उभी राहते. शेजारी कंदातून तीन मुनवेही, म्हणजे बाजूचे कोंब, फुटलेत.

मे. कर्दळीच्या बाबतीत मी माती खाल्ली. पाण्याची एवढी धास्ती घेतली की गड्डे कोरड्या कागदात गुंडाळून ठेवले, आणि ते सुंठीसारखे वाळले. कर्दळीला किंचित ओलसर कोकोपीट आणि ५ ते १० अंशांची अंधारी जागा लागते. बारा गड्ड्यांतले चारच फुटले. त्यातल्या एकाच्या पानांवर पिवळ्या रेघा दिसल्या. विषाणूचा संशय आला, म्हणून तो मुळासकट टाकून दिला. शेजारच्या झाडांना लागण होण्यापेक्षा तेवढी जागा रिकामी राहिलेली बरी.

अळूची घाई केली. रात्री ८ अंशांपर्यंत खाली जात असताना जमिनीत लावला, तर तो जुलैपर्यंत रुसून बसला. तीन आठवडे उशिरा, कुंडीतून लावलेल्या रोपांनी त्याला कधीच मागे टाकलं. ही झाडं ज्यांनी कुणी न लावता माजलेली पाहिली आहेत, त्यांना माझी ही त्रेधा पाहून हसू येईल. येऊ दे.

जून. टेट्रापॅनॅक्स या मोठ्या पानांच्या झुडपाचा नवा कोंब मूळ झाडापासून अडीच मीटरवर, फरसबंदीच्या फटीतून आला. मुळाला कुदळीचा धक्का लागला की असं होतं. पानांवरची लव घशात गेली की खोकला थांबत नाही, तोंडाला फडकं बांधूनच हात लावा.

ऑगस्ट. बाग आता खरी भरली आहे. पाहुणे विचारतात, हे सगळं इथे जगतं कसं? खरं सांगायचं तर यातलं निम्म्याहून जास्त उष्णकटिबंधातलं नाहीच. मागची गर्दी फॅट्सियाच्या झुडपांची आणि चुसान पामची, दोघंही थंडीला भीक न घालणारे. ती अर्धा मीटर रुंद पानं पॉलोनिया वृक्षाची, दर वसंतात जमिनीलगत छाटला की असा चेकाळतो. खरी नाजूक मंडळी पुढच्या ओळीत, मोजकी. इंग्लंडमधले बागकाम-लेखक ख्रिस्तोफर लॉइड यांनी १९९३ मध्ये ग्रेट डिक्स्टर या आपल्या घरची जुनी गुलाबबाग मोडून तिथे केळी, कर्दळी, डेलिया लावले होते. मी तीनच गुलाब काढले, तरी घरात आठवडाभर अबोला होता. पण माझं मत कायम आहे. अशा बागेत फुलं ही चैन, खरं काम पानांचं. एरंडाचे तर तुरे दिसताच खुडते, बिया विषारी असतात.

ऑक्टोबर. पहिल्या हिमकणांनी कर्दळ काळी पडली, गड्डे काढले. केळीच्या पिंजऱ्यांवर या वेळी पत्रा उतरता बसवलाय आणि चारही कोपऱ्यांना तारेने आवळलाय. केळीची नातलग, लाल पानांची एन्सेट मात्र जमिनीत ठेवत नाही. तिला मुनवेही फुटत नाहीत, गेली की गेली. मधली सुरळी ठेवून पानं छाटली, मुळांची माती झाडली आणि गॅरेजात उलटी टांगली, खाली घमेलं. पाणी निथळल्याशिवाय पेटीत घालायची नाही. आज तिसरा दिवस, घमेल्यात अजून वाटीभर पाणी जमलंय.