माझ्या हिशेबी मांड

त्या रविवारी नाशिकच्या शरणपूरमधल्या चर्चच्या उपासनेत कृपेवर संदेश द्यायचा होता. बायबलातलं इफिसकरांस पत्र मी मुद्दाम टाळलं. त्यात 'खंडणी भरून मिळवलेली मुक्ती' येते आणि खंडणी म्हटलं की आमच्या तरुण संघाला पेपरातले गुन्हेच आठवतात. प्रेषित पौलाने फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात उधारी आहे. ती सगळ्यांना कळते.

पंचवीस वचनांचं पत्र. फिलेमोनाचा पळालेला दास अनेसिम; नावाचा अर्थ 'उपयोगी'. पौल नावावर कोटीही करतो: आधी निरुपयोगी होता, आता तुला-मला उपयोगी. पौल स्वतः बंदिवासात, आणि त्याला धन्याकडे परत पाठवतोय. शरणपुरात हे वाचताना माझा आवाज जरा कापतोच. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथेच वाढली. इथे शिकलेला जेकब वेनराइट १८७३-७४ साली आफ्रिकेत वारलेल्या संशोधक लिव्हिंगस्टनचं शव किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता.

अठराव्या वचनाला मी रंगात आलो. "काही देणं लागत असेल, तर ते माझ्या हिशेबी मांड!" मंडळी खूश.

सोमवारी संध्याकाळी मागल्या बाकावरचा एक पोरगा दारात उभा. पंचवटीच्या मार्केटात एका आडत्याच्या गाळ्यावर वसुलीला होता. वसुलीतले अठरा हजार मोबाईलवरच्या रमीत घालवले आणि चार महिने तिकडे फिरकला नाही.

"पाळकसाहेब, चिठ्ठी द्याल?"

"देतो की. मुलगा चांगला आहे, असं लिहितो."

"तसं नाही. ते एकोणिसावं लिहा. स्वतःच्या हातानं. 'मी फेडीन.'"

आत बायकोचं लाटणं थांबलं. तारीख चोवीस. पाळकाचा पगार मी इथे सांगत नाही, पण महिनाअखेरीला आमच्याकडे पिठल्याचे दिवस असतात. अर्धा तास उपदेश करताना एकदाही अडखळलो नव्हतो; त्या दोन ओळींना पेन तीनदा खाली ठेवलं. शेवटी आतून आवाज आला, "लिहा आता. काल एवढे ओरडत होतात."

सकाळी दोघं गाळ्यावर गेलो. आडत्याने चिठ्ठी वाचली, पोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमचा कोण लागतो हा?"

"आमच्या मंडळीतला आहे."

त्याने वही काढली, पोराच्या नावावर काट मारली आणि खाली लिहिलं: 'चर्चवाले फादर, १८,०००'.

"महिन्याला किती देणार, फादर?"

"दोन हजार," मी म्हणालो. पोरगा तोवर टोमॅटोचे क्रेट उतरवायला लागलाही होता.