पानं कापत कापत सँ-फ्लोराँला

पॅरिसला सीनच्या कठड्यावर जुन्या पुस्तकांच्या हिरव्या पेट्या असतात. त्यांतल्या एकीत मला फ्रेंच लेखक ज्युलियाँ ग्राक यांचं समीक्षेचं पुस्तक मिळालं. हातात घेतलं तर ते उघडेना. पानं कापलेलीच नव्हती! मोठा कागद घड्या घालून शिवलेला, वरच्या आणि बाजूच्या कडा तशाच जोडलेल्या. पुस्तक १९८० सालचं. म्हणजे कुणीतरी ते विकत घेतलं, इतकी वर्षं जपलं, आणि वाचलं मात्र नाही.

"धारदार सुरी घेऊ नका," विक्रेते आजोबा म्हणाले, "ती घसरते. लोणी लावायची बोथट सुरी घ्या."

लेक नाँतला असते. तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी पहिली घडी कापली. सुरी आडवी धरून हळूहळू पुढे सरकवायची. कागद फाटत नाही, उसवत जातो, आणि कडेला मऊ लव राहते. कागदाचा बारीक भुसा मांडीवर पडतो. सोळा पानं मोकळी करायला पाचेक मिनिटं लागली, आणि तेवढ्या वेळात मन आपोआप वाचायच्या तयारीला लागलं. जोझे कॉर्ती हे ग्राक यांचे प्रकाशक. ते त्यांची पुस्तकं अशीच न कापता विकत. खिशात मावणाऱ्या स्वस्त आवृत्तीला ग्राक यांनी कधी परवानगी दिली नाही. वाचायचं असेल तर वाचकाने आधी थोडे हात चालवावेत, हे मला मनापासून पटलं.

पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'वाचता वाचता लिहिता लिहिता'. मूळ फ्रेंच नावातही मध्ये स्वल्पविराम नाही. वाचणं कुठे संपलं आणि लिहिणं कुठे सुरू झालं, ते दाखवायचंच नाही त्यांना.

मी वाईला सत्तावीस वर्षं भूगोल शिकवला. ग्राक यांच्याकडे मी वळले तीही त्यामुळेच. त्यांचं खरं नाव लुई प्वारिए. जन्म २७ जुलै १९१०, ल्वार नदीकाठच्या सँ-फ्लोराँ-ल-व्हिएय या गावातला. शिक्षण इतिहास-भूगोलाचं. पॅरिसच्या एका शाळेत १९४७ ते १९७० अशी तेवीस वर्षं ते इतिहास-भूगोल शिकवत होते. वर्गात प्वारिए सर, पुस्तकावर ग्राक. दोघांची गाठ त्यांनी पडू दिली नाही. पण त्यांच्या 'सिर्तचा किनारा' या कादंबरीत नकाशांच्या खोलीचं एक प्रकरण आहे. तरुण नायक त्या खोलीत नकाशांवर वाकून तासन् तास बसतो. समुद्रावर एक ठसठशीत लाल रेघ असते. तीनशे वर्षं सुस्तावलेल्या युद्धाची हद्द. ती ओलांडायची नाही. लाल पेन्सिलीने सरहद्दी गिरवणारी मुलं मी आयुष्यभर पाहिली आहेत. एका रेघेत एवढी ओढ असते, हे मला त्या प्रकरणाने दाखवलं.

सप्टेंबरातल्या एका सकाळी आम्ही मायलेकी नाँतहून लोकल गाडीत बसलो. गाडी बराच वेळ नदीला धरून जाते. व्हारादला उतरून पुढे चालत निघालो. ल्वार इथे फाटे फोडून वाहते, मध्ये बातायोज नावाचं सपाट बेट. दोन पूल ओलांडले की सँ-फ्लोराँ. पाणी उतरलेलं होतं, वाळूचे पिवळे पट्टे उघडे पडले होते. कुरणांत गाई, आणि फांद्या छाटून छाटून डोकं फुगलेली ॲशची झाडं. समोर टेकडीवर चर्च. ते दुसऱ्या पुलापर्यंत नजरेआड होत नाही.

चर्चमध्ये सेनापती बाँशाँ यांची संगमरवरी समाधी आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या १७९३ च्या यादवीत मरणशय्येवर असताना त्यांनी कैदेतल्या सुमारे ५,००० शत्रुसैनिकांना जीवदान द्यायला लावलं. त्या कैद्यांत शिल्पकार दाव्हिद दाँजे यांचे वडील होते. पुढे मुलाने ही समाधी घडवली. लेक बराच वेळ तिथून हलेना.

ग्राक यांचं घर खाली, नदीला लागून. गल्लीचं नाव 'मिठाच्या कोठाराची गल्ली'. नदीतून वर येणारं मीठ, त्याचा साठा, त्यावरचा कर, सगळा आर्थिक भूगोल एका पाटीवर! निवृत्तीनंतर ते इथेच बहिणीसोबत राहिले. २२ डिसेंबर २००७ रोजी ते आँजे शहरात वारले. घर त्यांनी गावाला दिलं. आता तिथे लेखक येऊन राहतात, लिहितात.

बक्षिसाची गोष्ट सांगायलाच हवी. १९५० साली त्यांनी एक छोटी पुस्तिका लिहिली. न वाचता ठोकून मतं देणारे, बक्षिसांचा गाजावाजा, लेखकाचं नाव पुस्तकापेक्षा मोठं होणं, या सगळ्यावर ती तुटून पडते. पुढच्याच वर्षी 'सिर्तचा किनारा'ला गाँकूर हे फ्रान्समधलं मानाचं साहित्यिक बक्षीस मिळणार अशी कुजबुज सुरू झाली. आपण ते घेणार नाही, हे त्यांनी आधीच जाहीर केलं. तरी ३ डिसेंबर १९५१ ला परीक्षकांनी ते दिलं, आणि ग्राक यांनी नाकारलं. तोवर कुणीच ते नाकारलं नव्हतं. मला यात हट्ट दिसत नाही. लिहिलेला शब्द पाळणारा माणूस दिसतो.

पण मला खरं पाहायचं होतं ते एव्र. ही छोटी नदी गावाजवळच, मारिएला, ल्वारला मिळते. लहानपणी घरच्यांसोबत ते तिथे होडीतून फिरायला जात. १९७६ साली त्यावर त्यांनी शंभर पानांच्याही आतलं एक पुस्तक लिहिलं. होडी एकेका वळणावर जाते आणि पाण्यातून पुस्तकं वर येतात. इथे पो, पुढे नेर्व्हाल, मग बाल्झाक. या पुस्तकाला कुणी समीक्षा म्हणत नाही. माझ्या मते त्यांची सर्वांत खरी समीक्षा हीच. पुस्तक आपल्या आत कुठे जाऊन बसतं, ते त्यांनी जागेवर बोट ठेवून दाखवलं आहे.

आम्ही काठाकाठाने चालत गेलो. पाणी गडद, जवळपास न हलणारं, वर झाडांची कमान. मला कृष्णेचा घाट आठवला नाही. आठवली ती घाटाच्या पायरीवर पहिल्यांदा वाचलेली एक कादंबरी, तिच्या पानांना आलेला शेवाळाचा वास. एका ओंडक्यावर बसून मी निसर्गदृश्य आणि कादंबरी यांवरचा भाग काढला. दोन घड्या कापायच्या राहिल्या होत्या. लेकीने सुरी मागितली.

"आई, मी कापते. तू वाच."

तिने कापलं, मी मोठ्याने वाचलं, अडलेल्या शब्दांचा अर्थ तिने सांगितला. भुसा पाण्यावर पडला आणि जागेवरच तरंगत राहिला, इतकी ती नदी संथ. गाडीची वेळ झाली तेव्हा पुस्तक सुरीसकट पिशवीत टाकलं. प्रूस्तवरचा भाग अजून जोडलेलाच आहे.