आज 'उत्तम' म्हणालो नाही

चर्चमधल्या उपासनेनंतर कुणी "कसं चाललंय?" विचारलं की "प्रभूच्या कृपेने उत्तम!" हे माझं ठरलेलं उत्तर. नोकरी जाऊन तीन महिने झाले, मंडळीत कुणाला पत्ता नाही. आज ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर मंडळीतल्या एका मावशींनी विचारलं आणि मला रडूच फुटलं. सगळं सांगितलं, हप्ते थकल्याचंही. त्यांनी उपदेश केला नाही. हातातलं भाजलेलं कणीस मोडून अर्धं मला दिलं आणि तिथेच डोळे मिटून हळू आवाजात प्रार्थना केली.

बायबलमध्ये लूक 18 मधल्या दाखल्यातला जकातदार देवासमोर वर बघायलाही धजत नाही, नुसती छाती बडवून दया मागतो. मी मात्र इतकी वर्षं त्याच दाखल्यातल्या, स्वतःला धार्मिक समजणाऱ्या परूश्यासारखा ताठ उभा!

रात्री बायकोशेजारी गुडघे टेकले. पाठ असलेलं एकही वाक्य तोंडात आलं नाही. "बापा, मला जमत नाहीये," एवढंच म्हणालो.