बोट सकाळी सातला लागते, सांगलीची गाडी मात्र तेवढ्यानं मिळत नाही

क्रूझच्या कागदावर 'मुंबई आगमन सकाळी ७' असं छापलेलं असतं. त्यावर विसंबून आमच्या सांगली-मिरजेकडची मंडळी परतीचं रेल्वे तिकीट काढून मोकळी होतात. कोयना एक्स्प्रेस सीएसएमटीहून ८:४०ला सुटते आणि बोट लागते त्या बॅलार्ड पिअर धक्क्यापासून स्टेशन दोन किलोमीटरच्या आत आहे, मग गाडी सहज मिळेल, असा त्यांचा हिशेब. तो दरवेळी चुकतो. सात ही बोट धक्क्याला लागायची वेळ. सामानासकट बंदराच्या गेटाबाहेर यायला त्यानंतर दोन ते चार तास जातात. मुंबई–गोवा किंवा मुंबई–लक्षद्वीप फेरी करून आलेल्यांची बोटीबद्दल तक्रार क्वचितच असते, पण शेवटच्या सकाळबद्दल हमखास असते. म्हणून इथे फेरीचं वर्णन बाजूला ठेवून फक्त उतरण्याबद्दल लिहितो.

आधी हा वेळ जातो कुठे ते पाहू. बोट दोरांनी बांधली, शिडी लागली, तरी प्रवाशांना लगेच सोडत नाहीत. आधी बंदराचे आणि तपासणीचे अधिकारी वर येतात, कागद बघतात. त्यांनी हिरवा कंदील दाखवल्याशिवाय एकही प्रवासी खाली उतरत नाही. त्यानंतरचा हिशेब साधा आहे. बोटीवर १८०० माणसं धरा. शिडीवर प्रत्येकाचं कीकार्ड, म्हणजे केबिनची किल्ली आणि ओळखपत्र असं दोन्ही असलेलं कार्ड, शेवटचं स्कॅन होतं. म्हातारी माणसं, कडेवरची मुलं, हातातल्या बॅगा हे सगळं धरून मिनिटाला दहा जण उतरले तरी १८० मिनिटं, म्हणजे तीन तास लागतात. दोन शिड्या लावल्या तर दीड तास.

त्यात शिडी मधूनमधून थांबते, आणि का थांबली ते कोणी सांगत नाही. बऱ्याचदा कारण भरती-ओहोटीचं असतं. मुंबई बंदरात मोठ्या भरतीला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. इंदिरा गोदीच्या आत दरवाज्यांनी पाणी अडवलेलं असतं, पण बाहेरच्या धक्क्याला बोट पाण्याबरोबर वर-खाली होते. शिडी फार उभी झाली की ती सरकवून नीट करावी लागते, कधी दुसऱ्या डेकच्या दारातून लावावी लागते. मग रांग दहा-पंधरा मिनिटं जागच्या जागी उभी. अशा वेळी शिडीजवळच्या जिन्यात गर्दी करून उभं राहण्यात काहीच हशील नाही. आपल्या गटाचा नंबर पुकारेपर्यंत थिएटरमध्ये किंवा लाउंजमध्ये बसून राहावं. तिथे खुर्ची असते, एसी असतो, पुकारा ऐकू येतो आणि आईवडिलांचे गुडघे वाचतात.

केबिन आठच्या सुमारास रिकामी करायला लावतात, याचा लोकांना फार राग येतो. पण बोट त्याच दिवशी पुन्हा निघायची असते. दुपारी नवे प्रवासी चढायला लागतात. तेवढ्या वेळात प्रत्येक केबिनमधल्या चादरी, टॉवेल, बाथरूम सगळं बदलून-धुऊन व्हायला हवं. शिवाय जुना शेवटचा प्रवासी उतरून मोजणी शून्यावर आल्याशिवाय नव्यांना वर घेत नाहीत. शेवटी शेवटी नावानिशी पुकारे होतात ते यामुळेच. कुणीतरी वरच्या डेकवर फोटो काढत राहिलेलं असतं.

उतरण्याची खरी तयारी आदल्या संध्याकाळी होते, त्यातही बॅगांची. बोटीवर दोन पद्धती असतात. पहिलीत केबिनमध्ये रंगीत किंवा नंबरचे टॅग येतात. ते बॅगांना लावायचे आणि रात्री दहा-अकराच्या आत (वेळ बोटीप्रमाणे बदलते) बॅगा दाराबाहेर ठेवायच्या. रात्रीतून कर्मचारी त्या उचलतात, चाकांच्या मोठ्या लोखंडी पिंजऱ्यांत रचतात आणि सकाळी टर्मिनलच्या हॉलमध्ये रंगाप्रमाणे मांडतात. दुसऱ्या पद्धतीत आपलं सामान आपणच घेऊन उतरायचं. ही माणसं सगळ्यात आधी सुटतात.

दोघं तरुण आणि दोन छोट्या बॅगा असतील तर दुसरी पद्धत घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्या सकाळी लिफ्ट मिळेल हे गृहीत धरू नका. प्रत्येक मजल्यावर ती भरूनच येते. चार-पाच मजले जिन्यानं उतरवता येईल एवढीच बॅग हवी. आपल्याकडच्या पंचवीस किलोच्या सुटकेसचं हे काम नव्हे. बरोबर आजी-आजोबा किंवा लहान मुलं असतील तर निमूटपणे टॅग लावावेत.

टॅग लावताना तीन गोष्टी बिघडतात. कागदी टॅग हँडलमधून ओवून नुसता चिकटवला तर पिंजऱ्यात घासून फाटतो, म्हणून वरून सेलोटेपचे दोन वेढे द्या. जुने विमानाचे आणि हॉटेलचे टॅग काढून टाका, नाहीतर बॅग भलत्याच ढिगात जाते. आणि बॅगेच्या आत, सगळ्यात वर, नाव, केबिन नंबर आणि मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. हॉलमध्ये एकसारख्या काळ्या-निळ्या ट्रॉली बॅगांची रांगच रांग असते. हँडलला जुन्या साडीच्या काठाची लालभडक पट्टी बांधली की बॅग लांबून ओळखू येते आणि दुसऱ्यानं चुकून उचलायचा धोकाही टळतो. बॅगांवर बॅगा रचल्या जात असल्यामुळे काचेची बाटली मोठ्या बॅगेत घालू नये. गोव्याहून दारूची बाटली आणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की महाराष्ट्रात ती परवान्याशिवाय आणणं गुन्हा आहे.

सगळ्यात जास्त फजिती होते ती दाराबाहेर गेलेल्या बॅगेत नको ते गेल्यामुळे. रात्री अकराला बॅग गेली की सकाळी खाली हॉलमध्येच भेटते. म्हणून बॅग भरायच्या आधी उद्याचे कपडे, चपला-बूट, आतले कपडे आणि दात घासायचं सामान पलंगावर वेगळं काढून ठेवा. हातातल्या पिशवीत आधार कार्ड, रेल्वेचं तिकीट, चार्जर, चष्मा, दागिने, घराच्या किल्ल्या आणि सगळी औषधं हवीत. घराची किल्ली मोठ्या बॅगेत आणि ती बॅग हरवली, तर साताऱ्यात पोहोचूनही दाराबाहेर उभं राहायची वेळ येते. इन्सुलिन केबिनच्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवलं असेल तर ते हमखास तिथेच राहतं. फ्रिजच्या दारावर कागद चिकटवून ठेवा. तिजोरी, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे आणि बाथरूमच्या दारामागचा हूक एवढं सकाळी एकदा बघितलं की पुरे.

एक गोष्ट मात्र जवळजवळ सगळेच विसरतात. चढताना सुरक्षा तपासणीत इस्त्री, विजेची किटली, एक्स्टेंशन बोर्ड काढून घेतात आणि पावती देतात. आगीच्या भीतीनं या वस्तू बोटीवर चालत नाहीत. शेवटच्या दिवशी शिडीजवळच्या ठरलेल्या टेबलावर त्या परत मिळतात, पण पावती दाखवून आणि उतरायच्या आधी. एकदा कार्ड स्कॅन होऊन खाली गेलात की परत वर जाता येत नाही. पावती कीकार्डाच्या पाकिटातच ठेवून द्या.

आता बिल. बोटीवर रोख चालत नाही, सगळं कीकार्डावर चढतं. शेवटच्या रात्री दहानंतर रिसेप्शनपुढे जी रांग लागते ती मध्यरात्रीपर्यंत हलत नाही. त्या दिवशी सगळे जेवायला गेलेले असतात त्या वेळी, संध्याकाळी सात-आठच्या सुमारास जा. त्याच्या आधी केबिनच्या टीव्हीवर किंवा अॅपवर बिल उघडून ओळ न् ओळ वाचा. मुलांनी खेळलेल्या व्हिडिओ गेम, न वापरलेलं इंटरनेट पॅकेज, न घेतलेले फोटो, कुणी दुसऱ्यानं सही केलेलं सरबत असल्या चुका निघतात. त्या बोटीवर असताना दहा मिनिटांत दुरुस्त होतात, घरी आल्यावर ईमेल करून महिनोन्महिने भांडावं लागतं. चढताना डेबिट कार्डावर अनामत अडकवली असेल तर ती त्याच दिवशी सुटत नाही. काही बँकांत आठवडाही लागतो. परतीच्या गाडीभाड्यासाठी त्या खात्यावर अवलंबून राहू नका. कार्डाऐवजी रोख अनामत भरली असेल तर उरलेले पैसे परत घ्यायलाही त्याच रांगेत जावं लागतं.

कुठल्या गटानं कधी उतरायचं ते टॅगच्या रंगावर असतं. तो रंग बोटवाले ठरवतात, पण बदलून मिळू शकतो. आदल्या दिवशी सकाळीच रिसेप्शनला परतीचं तिकीट दाखवून लवकरचा गट मागा. व्हीलचेअर हवी असेल तर तेही तेव्हाच सांगा. ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळी माणूस येतो, आयत्या वेळी मागितली तर तास-दीड तास वाट बघावी लागते.

सकाळी वरच्या बुफेत सात ते साडेआठ पाय ठेवायला जागा नसते. खाली टेबलावर वाढणारं डायनिंग हॉल चालू असेल तर तिकडे जा. बोटीवरचं अन्न बाहेर नेऊ देत नाहीत. सांगलीहून नेलेल्या भडंगाचं एक पाकीट न फोडता हातातल्या पिशवीत ठेवलेलं असलं की दुपारपर्यंतची सोय होते. फोन किनाऱ्याला लागेपर्यंत फ्लाइट मोडवरच असू द्या. ड्रायव्हरला फोन करायचा म्हणून पहाटे समुद्रातच मोबाइल चालू केला आणि तो बोटीच्या नेटवर्कला लागला, तर रोमिंगचं बिल अंगावर येतं.

स्वतःची गाडी बोलावली असेल तर ड्रायव्हरला सातला बोलावून उभं करू नका. हॉलमध्ये बॅगा हातात आल्या की फोन करा, तोवर त्याला बॅलार्ड इस्टेटच्या आसपास थांबू द्या. गाडी गेटाच्या आत सोडतात की नाही ते त्या दिवशीच्या बंदोबस्तावर असतं, म्हणून भेटायची खूण गेटाबाहेरची ठरवा.

एके काळी इथली सोय फार चांगली होती. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटिअर मेल वर्षातले काही महिने बॅलार्ड पिअर मोल स्टेशनातूनच सुटायची. विलायतेच्या आगबोटीतून उतरलेला प्रवासी धक्क्यावरच गाडीत बसायचा. आता तिथून टॅक्सी करून सीएसएमटी गाठायचं.

कोयना गेली असं धरूनच बेत आखा. सातारकरांना सरळ मार्ग म्हणजे दादरहून शिवनेरीनं पुणे आणि स्वारगेटहून विनाथांबा सातारा. सांगलीकरांनाही स्वारगेटहून एसटी मिळते. गाडीनं निघालात तर साताऱ्यापर्यंत अडीचशेच्या वर किलोमीटर, सांगलीपर्यंत पेठ नाक्यावरून वळून पावणेचारशेच्या आसपास. दहाला निघालात तरी सांगलीत संध्याकाळ होते.

बोटीवरून उतरलेल्यानं लगेच स्टिअरिंग हातात घेऊ नये, हे मात्र मी कळकळीनं सांगतो. तीन-चार दिवस शरीराला डुलण्याची सवय लागलेली असते, त्यामुळे जमिनीवर आल्यावरही काही तास, कुणाला एक-दोन दिवस, पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटते. बोटीवर मळमळ होऊ नये म्हणून घेतलेल्या बऱ्याच गोळ्यांनी झोपही येते. या दोन्हींसह खंबाटकी घाट चढणं धोक्याचं आहे. ड्रायव्हर वेगळा ठेवा.

रस्त्याचा प्रवासच नको असेल तर महालक्ष्मी एक्स्प्रेस आहे, रात्री साडेआठच्या सुमारास सीएसएमटीहून. मधले दहा तास काढायला सीएसएमटीला अमानती सामान गृह आहे. पण तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं. बोटीवर बॅगा देताना कुलपं काढून पिशवीत टाकली असतील तर ती शोधून लावा. सांगलीकरांना ही गाडी सोयीची, पहाटे घरी. साताऱ्याला मात्र ती तीनच्या आगेमागे पोहोचते आणि स्टेशन आहे माहुलीला, गावाबाहेर. गजर लावूनच झोपा आणि आदल्या दिवशीच ओळखीच्या रिक्षावाल्याला सांगून ठेवा.